दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को: लांबच्या वाटेने लवकर

एअर इंडियाची ही थेट सेवा डिसेंबर 2015 मध्ये सुरू झाली, तेव्हा विमान अटलांटिकवरून जायचं. अंतर सुमारे 13,900 किमी. ऑक्टोबर 2016 मध्ये ते उलट दिशेने, पॅसिफिकवरून जाऊ लागलं. अंतर झालं 15,300 किमी, आणि वेळ मात्र दोनेक तासांनी घटला! आधी ज्या वाऱ्याशी झगडायचं, तो आता पाठीशी आला. दोन विमानतळांमधले किलोमीटर बघून तासांचा हिशेब मांडणाऱ्यांनो, तुमचा अनुभव सांगा. कुठून गेलात, किती लागले, ते तास काढलेत कसे?

नाशिकच्या काकू
मी त्याच विमानाने लेकीकडे गेले, तिच्या बाळंतपणाला. पहाटे निघालो, वाटेत उजाडलं, मावळलं, पुन्हा उजाडायच्या बेताला उतरलो. तारीख तीच! परतताना पायलटने अटलांटिकवरून आणलं. गणपतीने आईबापांभोवती फिरून भागवलं, मी कार्तिकेयासारखी अख्खी पृथ्वी फिरले, आणि मोदक काही मिळाला नाही. बीपीच्या गोळ्यांचा घोळ होऊ नये म्हणून घड्याळ भारताच्याच वेळेवर ठेवलं होतं. डॉक्टरांनीच तसं सांगितलेलं.

न्यूजर्सीकर
मुंबई–न्यूअर्क साधारण साडेबारा हजार किमी. जाताना सोळा तासांच्या आसपास, येताना दीडेक तास कमी. शेजारच्या गृहस्थांनी मला समजावलं, "पृथ्वी फिरते ना, म्हणून." काका, हवाही पृथ्वीसोबतच फिरते! फरक पडतो तो जेट स्ट्रीममुळे. दहा-बारा किमी उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा हा जोरदार वारा हिवाळ्यात आणखी जोर धरतो. मार्गही रोजचा ठरलेला नसतो, वारा बघून आखतात.

लंडन, पाच वर्षं
आमचं आपलं मुंबई–लंडन, सात हजार दोनशे किमी, तुमच्यासमोर बोलायची सोय नाही. मधली सीट सोडून कुठलीही घ्या.

पुण्याहून, आयटीवाला
वाऱ्याचं ठीक आहे, पण बंद आकाशाचं काय? एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना वाट बंद केली. उत्तर भारतातून पश्चिमेला जाणाऱ्या फेऱ्यांना वळसा पडला, आणि अमेरिकेच्या काही फेऱ्यांना इंधनासाठी युरोपात उतरावं लागलं. माझं 'नॉनस्टॉप' तिकीट असंच व्हिएन्नात थांबलं. खाली उतरू देत नाहीत, खिडकीतून टँकर बघायचा. पुढचं देशांतर्गत विमान अर्थातच चुकलं. तेव्हापासून माझा नियम एकच: पुढची फ्लाइट वेगळ्या तिकिटावर घ्यायची नाही. एकाच बुकिंगवर असेल तर चुकलेल्या विमानाऐवजी दुसरं देणं कंपनीच्या गळ्यात पडतं, नाहीतर आपल्या.

नाशिकच्या काकू
न्यूजर्सीकर, वाऱ्याचं पटलं. पण येताना दीड तास वाचतो म्हणता, तो इमिग्रेशनच्या रांगेत पुरेपूर जातो हो.