विषय: नाशिकला फ्लॅट घेतलाय, आई-बाबा राहायला जायच्या आधी काय काय करून घ्यावं?

नमस्कार मंडळी,

नाशिकला इंदिरानगरच्या बाजूला आम्ही टू बीएचके घेतला. रीसेलचा आहे, इमारत चार वर्षांची. खरेदीखत माझ्या नावावर झालं, चावीही मिळाली. आई-बाबा निफाडचं घर सोडून दसऱ्याच्या आत तिथे राहायला येणार आहेत. बाबा पंच्याहत्तरीला आलेत, आईचे गुडघे दुखतात. म्हणून ते आल्यावर कशासाठीही धावपळ करावी लागू नये, एवढीच इच्छा आहे.

मला रजा थोडी आहे. तेवढ्यात वीज, पाणी, गॅस, इंटरनेट, घरपट्टी हे सगळं माझ्या नावावर आणि माझ्या मोबाईलवर लावून टाकावं, म्हणजे इथून टोरांटोहून सांभाळता येईल, असं डोक्यात आहे. तिथे परत गेलेल्या सभासदांनी कृपया सांगावं, यात काय सुटतंय?

– मूळ निफाड, सध्या टोरांटो

———

उत्तर: नाशिकहून

अगं, अभिनंदन! आई-बाबा निफाड सोडून येतायत म्हणजे त्यांच्यासाठी मोठीच गोष्ट आहे. नीट करून दे सगळं.

नाव तुझं ठेव, पण मोबाईल नंबर मात्र जो घरात राहणार त्याचा दे. यावर मी अडून बसेन, कारण आमच्या कॉलनीत अशी तीन-चार म्हातारी जोडपी आहेत. मुलं परदेशात आणि सगळे मेसेज मुलांच्या फोनवर. सिलिंडर घेऊन माणूस दारात उभा राहतो आणि डिलिव्हरीचा कोड मागतो. तो कोड नोंदवलेल्या मोबाईलवर जातो. नाशिकला सकाळचे अकरा म्हणजे तुमच्याकडे उन्हाळ्यात रात्रीचा दीड. तू झोपलेली, बाबा फोन लावतायत आणि सिलिंडर परत चाललाय, असं व्हायला नको. लाईट जाणार असल्याचा महावितरणचा मेसेजही ज्यांच्या घरची लाईट जाणार त्यांनाच यायला हवा.

बिल भरायला तुझा मोबाईल लागतच नाही. महावितरणचा बारा आकडी ग्राहक क्रमांक असला की जगात कुठूनही बिल भरता येतं. घरपट्टीचंही तसंच, मिळकतीचा क्रमांक हवा. हे दोन्ही आकडे तुझ्याकडे लिहून ठेव आणि तुझ्या एनआरओ खात्यातून (परदेशात राहणाऱ्यांचं भारतातलं रुपयांचं खातं) भरत जा.

गॅस तर मी बाबांच्याच नावावर राहू देईन. निफाडला त्यांचं कनेक्शन असणारच. तिथल्या एजन्सीत सिलिंडर आणि रेग्युलेटर जमा केला की डिपॉझिट परत मिळतं आणि ट्रान्स्फर व्हाउचर देतात. ते नाशिकच्या एजन्सीत दाखवायचं, नवं डिपॉझिट भरायचं, झालं. गॅसची नळी मात्र नवी घे. सुरक्षा नळीवर तारीख छापलेली असते आणि पाच वर्षांनी ती बदलायचीच असते. नाशिकमध्ये आता बऱ्याच भागांत एमएनजीएल कंपनीचा पाईप गॅस आलाय, तुमच्या इमारतीत आहे का ते शेजारी विचार. आईच्या गुडघ्यांच्या दृष्टीने तो चांगला, सिलिंडर सरकवायला नको. फक्त शेगडीचे जेट बदलून घ्यावे लागतात. सिलिंडरच्या गॅसचा वास आला तर १९०६, हा नंबर फ्रीजवर मोठ्या अक्षरात चिकटव. विजेच्या तक्रारीसाठी १९१२.

विजेच्या नावबदलाला इंडेक्स टूची, म्हणजे खरेदीखताच्या नोंदणीच्या उताऱ्याची, प्रत लागते, अर्ज ऑनलाईन होतो. त्याआधी जुन्या मालकाची बाकी शून्य आहे ना, हे शेवटच्या बिलावर स्वतः बघ. त्याच बिलावर मंजूर भार लिहिलेला असतो. गीझर, एसी, वॉशिंग मशीन एकदम चालणार असेल तर भार वाढवून घे. हे काम नावबदलाबरोबर उरकलं तर बरं.

मग इलेक्ट्रिशियन. चार वर्षांची इमारत आहे म्हणून हे सोडू नकोस. मेन बोर्डात आरसीसीबी, म्हणजे शॉक लागला तर वीज तोडणारा खटका, आहे का बघ. त्यावर 'टी' लिहिलेलं एक छोटं बटण असतं. ते दाबलं की खटका खाली पडायला हवा आणि घरातली लाईट जायला हवी. पडला नाही, तर शॉक लागेल तेव्हाही तो पडणार नाही. तसं असेल तर त्याच दिवशी बदल, ३० मिलिॲम्पिअरचा. आणि बाबांना ते बटण महिन्यातून एकदा दाबायला शिकव. गीझरला १६ ॲम्पिअरचा सॉकेट आणि अर्थिंग हवंच. निफाडची थंडी सोसलेल्या माणसांना नाशिकची थंडी काहीच नाही, पण सकाळी कडकडीत पाणी लागणार म्हणजे लागणार. गच्चीवर सोलर असेल तर डिसेंबरच्या पहाटे आणि पावसाळ्यात त्याच्या भरवशावर राहू नये.

पाण्याचं सांगतो. महापालिकेचं पाणी मुख्यतः गंगापूर धरणाचं आणि मुकणे धरणाचं. ते बऱ्यापैकी मऊ असतं. बोअरचं पाणी जड. इमारतीच्या टाकीत दोन्ही मिसळत असतील, तर नळाला काय येतं ते टीडीएस मीटरने (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) मोजून घे, मीटर स्वस्तात मिळतो. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाची मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे. त्याच्या खूप खाली असेल तर दुकानदार कितीही आग्रह करो, क्षार काढणाऱ्या आरओ फिल्टरची गरज नाही. जंतू मारणारा युव्ही पुरतो आणि आरओत वाया जाणारं बादलीभर पाणीही वाचतं. टाकी शेवटची कधी धुतली, हे सेक्रेटरींना विचार आणि उत्तर गुळमुळीत आलं तर स्वतः गच्चीवर जाऊन झाकण उघडून बघ.

आता सर्वांत महत्त्वाचं: रंगकाम लगेच करू नकोस. हा पाऊस जाऊ दे. पश्चिमेच्या भिंती, खिडक्यांच्या खालचे कोपरे आणि बाथरूमचं छत पावसाळ्यातच खरं बोलतं. वरच्या न्हाणीचं पाणी तुमच्या छतात मुरत असेल, तर आत्ता पिवळा डाग दिसेल. आत्ता न बघता दिवाळीत रंग मारून घेतला तर पुढच्या आषाढापर्यंत काही कळणार नाही. प्लंबर आधीपासून त्या इमारतीत काम करणारा बघ, त्याला लाईन कुठून गेली आहे ते ठाऊक असतं.

कचऱ्याला घंटागाडी येते, ओला-सुका वेगळा द्यावा लागतो. गाडीची वेळ आणि ती गेटवर थांबते की गल्लीच्या तोंडाशी, हे शेजारणीला विचारून ठेव. आईला बादली घेऊन लांब चालायला लागू नये. दूध, पेपर, कामाच्या मावशी हे आई आठवड्यात जमवेल, त्यात तू पडू नकोस. इंटरनेट इमारतीत ज्याची केबल आधीच आली आहे त्याचंच घे.

– काका, गंगापूर रोड

———

उत्तर: मिसिसागाहून

काकांच्या मेलला थोडी जोड. माझे सासू-सासरे नाशिकरोडला राहतात, म्हणून कागदपत्रांतून मी गेले आहे.

आधी इमारत सोसायटी आहे की अपार्टमेंट, ते बघ. नाशिकमध्ये १९७० च्या अपार्टमेंट कायद्याखालच्या इमारती पुष्कळ आहेत. तिथे शेअर सर्टिफिकेट नसतं, डीड ऑफ अपार्टमेंट असतं. सोसायटी असेल तर महापालिका हद्दीत हस्तांतर अधिमूल्य (फ्लॅट नव्या मालकाच्या नावावर करताना सोसायटी घेते ती रक्कम) २५,००० रुपयांच्या वर घेता येत नाही. जास्त मागितलं तर नियम लेखी दाखवायला सांग. आणि तू स्वतः राहत नाहीस म्हणून कोणी बिनभोगवटा शुल्क लावायला निघालं, तर सांग की घरात सख्खे आई-वडील राहतात. जवळच्या नातेवाइकांसाठी ते लागू नाही. भाडेकरू ठेवला तरीही ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नसतं.

दुसरं, इमारत चार वर्षांची आहे, हे तुझ्या फायद्याचं आहे! रेरा या बिल्डरांवरच्या कायद्याप्रमाणे ताबा दिल्यापासून ५ वर्षांत बांधकामातला दोष लक्षात आणून दिला तर बिल्डरने ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. रीसेलमध्ये घेणाऱ्यालाही हा हक्क मिळतो. म्हणजे काका म्हणतात तो पावसातला डाग दिसला, तर फोटो काढून तारखेसह लेखी तक्रार आत्ताच कर. जुन्या मालकाचं ताबापत्र मागून घे, मुदत त्यावरून मोजतात.

तिसरं, भावाला किंवा बाबांना मुखत्यारपत्र करून ठेव. नाहीतर प्रत्येक सहीला तुझं तिकीट. २०२४ च्या जानेवारीपासून कॅनडात अपॉस्टिल (कागद दुसऱ्या देशात चालावा म्हणून मिळणारा सरकारी दाखला) मिळतं, ते काम इथेच होतं. भारतात कागद पोचला की ३ महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक लावून घ्यायला विसरू नकोस.

घरपट्टीवर नाव लावायला इंडेक्स टू घेऊन महापालिकेच्या विभागीय कार्यालयात अर्ज करावा लागतो. आगाऊ भरली तर सूट मिळते आणि ती एप्रिलमध्ये सर्वांत जास्त असते.

– मिसिसागा

———

उत्तर: टोरांटोहून

काका, ताई, मनापासून आभार. काल बाबांशी बोलले. गॅस त्यांच्याच नावावर राहणार, हे ऐकून ते इतके खूश झाले की मला आश्चर्य वाटलं. "म्हणजे माझंही काहीतरी आहे त्या घरात," म्हणाले. मग मीच ठरवलं, लाईटच्या मेसेजलाही त्यांचाच नंबर.

दोन शंका. फ्लॅट चौथ्या मजल्यावर आहे. लिफ्ट बंद पडली तर आईचं काय? आणि इन्व्हर्टर घ्यावा का?

———

उत्तर: नाशिकहून

बाबांचं बरोबर आहे. म्हाताऱ्या माणसाला सगळं आयतं नको असतं.

लिफ्टचं सेक्रेटरींना नेमकं विचार: लाईट गेली तर लिफ्ट जवळच्या मजल्यावर येऊन आपोआप दार उघडते का? त्या यंत्रणेला एआरडी म्हणतात. जनरेटरवर फक्त जिन्यातले दिवे आहेत की लिफ्ट आणि पाण्याचा पंपही आहे? वार्षिक देखभालीचा करार चालू आहे ना, त्याचा कागद बघ. एआरडी नसेल तर पुढच्या मीटिंगमध्ये विषय काढ. चौथ्या मजल्यावर राहणारी तुझी आई एकटीच म्हातारी नसणार, बाकीचेही साथ देतील.

इन्व्हर्टर घे. पंखे, दिवे, वायफायपुरता पुरे. ट्युब्युलर बॅटरी घेतली तर तिच्यात दर दोन-तीन महिन्यांनी डिस्टिल्ड वॉटर बघावं लागतं. वाकून ते बाबांनी करू नये, म्हणून ज्याच्याकडून घेशील त्याच्याकडूनच वर्षाची सर्व्हिस ठरवून टाक. बेडरूममध्ये ठेवू नकोस, हवा खेळती असेल अशा ड्राय बाल्कनीत ठेव.

आणि एक कर. चावी आत्ता कोणाकडे आहे ते मला कळव. इथे पाऊस चांगला लागलाय. असाच दोन दिवस टिकला की मी जाऊन पश्चिमेच्या भिंती आणि दोन्ही बाथरूमची छतं बघून येतो, फोटो तुला पाठवतो. तक्रार लिहायची असेल तर वेळेत लिहिता येईल.

– काका