मदत हवी आहे: २०१८ ची डिझेल ब्रेझा, मोठे टायर, रिमॅप आणि काळं छप्पर

कोयनाकाठचा

नमस्कार मंडळी. दोन वर्षं नुसता वाचतोय, आज पहिल्यांदाच लिहितोय. चुकलं तर सांभाळून घ्या.

गाडी विटारा ब्रेझा व्हीडीआय, मॅन्युअल, २०१८ चं पासिंग, १,१२,००० किमी झालेत. रंग ग्रॅनाइट ग्रे. राहायला कराडला, गाव चिपळूणजवळ, म्हणजे महिन्यातून दोनदा तरी कुंभार्ली घाट ठरलेला. गाडी बाबांनी घेतली होती, आता माझ्याकडे आलीय. विकून नवी घेऊ म्हटलं तर बाबांचा एकच सवाल, "डिझेल ब्रेझा परत कुठनं आणणार?" मुद्दा बरोबर आहे. २०२० मध्ये मारुतीने डिझेलच बंद केलं. तेव्हा आहे तिलाच जरा नटवायची असं ठरलंय. बजेट ८० हजार, फार ताणलं तर ९०.

डोक्यात हे आहे: लोखंडी चाकं काढून अलॉय, त्यावर २३५/६० आर१६ टायर (मित्राच्या गाडीला बघितले, एकदम दणकट दिसतात). छत काळ्या ग्लॉस रॅपमध्ये (चकचकीत फिल्म चिकटवून). पुढे गार्ड, वर एलईडी बार. आणि सगळ्यात महत्त्वाचं, रिमॅप (इंजिनच्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदलून ताकद वाढवणं). घाटात दुसऱ्या गिअरला वळण घेतलं की गाडी अक्षरशः मरते. २००० आरपीएमच्या वर गेली की मग पळते, पण तोवर मागचा एसटीवाला हॉर्न वाजवून जीव घेतो. हल्ली जास्तच जाणवतंय. एक जण म्हणतो, रिमॅप केला की सगळे प्रश्न संपतील.

कुठून सुरुवात करू?

सैल_नट

एसटीवाल्याला रिमॅप करता आलं तर आधी ते करा.

घाटवाट

एका हाताने पिकअप मागताय आणि दुसऱ्या हाताने तोच घालवताय, एवढं आधी सांगतो.

तुमच्या व्हीडीआयला कंपनीचे टायर २०५/६० आर१६. उंची काढायची तर रिमचे १६ इंच म्हणजे ४०६ मिमी, त्यात २०५ च्या ६०% म्हणजे १२३ मिमीची बाजू दोनदा. सगळं मिळून साधारण ६५२ मिमी. २३५/६० घातले की ६८८ मिमी. म्हणजे चाक साडेपाच टक्क्यांनी मोठं, आणि सगळे गिअर तेवढेच लांब. दुसरा गिअर घाटात आत्ताच जड पडतोय, तो अजून जड करून ठेवाल. शिवाय टायरचं वजन वाढतं ते वेगळंच. स्पीडोमीटर ८० दाखवेल तेव्हा गाडी खरी आजच्यापेक्षा साडेपाच टक्के जास्त पळत असेल. स्टिअरिंग पूर्ण वळवून खड्ड्यात गेलात की मडगार्डचं अस्तर घासायची शक्यता आहेच. मित्राला विचारा त्याचं घासतं का. कबूल करणार नाही, पण विचारा.

उपाय सोपा आहे. वरच्या झेडडीआयला कंपनीच २१५/६० आर१६ देत होती. उंची ६६४ मिमी, म्हणजे तुमच्यापेक्षा १२ मिमी जास्त. गाडी जमिनीपासून ६ मिमी वर उठेल, कमान भरल्यासारखी दिसेल, आणि फरक दोन टक्क्यांच्याही आत. याच मॉडेलच्या वरच्या व्हेरिएंटचा साइज असल्याने वादही उरत नाही.

कोयनाकाठचा

आकडे बघून जरा हिरमुसलो. पण पटलं. रिमॅपचं सांगा ना कोणीतरी.

बूस्टभर

मी सांगतो, माझ्या सियाझला हेच १.३ इंजिन आहे, तीच ९० पीएस आणि २०० न्यूटन-मीटरवाली ट्यूनिंग. ५५ हजार किमीला रिमॅप केला. ट्यूनर २५० च्या आसपास टॉर्क (इंजिनचा ओढण्याचा जोर) सांगतात, कागदावर. हायवेला ओव्हरटेक करताना फरक कळतो, खोटं नाही बोलणार. चौथ्या गिअरला पाय दाबला की गाडी ओढली जाते.

पण तुमची तक्रार २००० च्या खालची आहे, आणि तिथे रिमॅप फारसं काही करू शकत नाही. कारण साधं आहे. खाली टर्बो फिरलेलाच नसतो, इंजिनला हवाच मिळत नाही. हवा नसताना डिझेल जास्त ओतून काय होणार? धूर. मागचा एसटीवाला हॉर्न वाजवायच्या ऐवजी खोकेल, एवढाच फरक.

आणि खर्च रिमॅपपाशी थांबत नाही. वाढलेला टॉर्क शेवटी क्लच प्लेटवरच येतो. माझी प्लेट पुढच्या ३० हजारांत गेली. तुमची १,१२,००० झालेली आहे, आधी बदललीय का? नसेल तर रिमॅपच्या दुसऱ्याच महिन्यात घसरायला लागेल.

रेल प्रेशर (डिझेलचा दाब) मोजणाऱ्या सेन्सरला जोडायचा स्वस्त ट्यूनिंग बॉक्स तर घेऊच नका. तो इसीयूला (इंजिनच्या कॉम्प्युटरला) प्रेशर कमी दाखवून फसवतो, मग इसीयू प्रेशर वाढवत बसतो.

आता माझा प्रश्न. "हल्ली जास्तच जाणवतंय" हे तुम्ही ओझरतं लिहून पुढे गेलात. हल्ली म्हणजे कधीपासून?

जुनी_पॉलिसी

दिसण्याच्या यादीबद्दल थोडं, कारण गाडीला अपघात झाला की माझ्या टेबलावर येते.

पुढचं गार्ड डोक्यातून काढा. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय मंत्रालयाने सगळ्या राज्यांना कळवलंय, क्रॅश गार्ड म्हणजे मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा भंग. टक्कर झाली तर चुरगळून झटका खाण्याचं काम बंपर करतो, गार्ड तो झटका थेट चॅसीपर्यंत नेतं. समोर पादचारी असला तर विचारूच नका. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलाला प्रत्येकी ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. प्रत्यक्षात कोणी तुरुंगात जात नाही, पण विमा कंपनीला नाही म्हणायला कारण मिळतं.

छताचा रॅप फक्त छतापुरता असेल तर सहसा कोणी अडवत नाही. पूर्ण गाडीचा रंग बदलायचा असेल तर मात्र आरटीओत जाऊन आरसीवर नोंद करा. अलॉय आणि म्युझिक सिस्टीम विमा नूतनीकरणाच्या वेळी सांगा. इलेक्ट्रिकल सामानाला किमतीच्या ४% जादा हप्ता पडतो, फार नाही. न सांगता चाकं चोरीला गेली तर मात्र रडायला माझ्याकडे येऊ नका.

माहेर_चिपळूण

एलईडी बारबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहिते. मी जुलैमध्ये कुंभार्ली एकटीने चालवलाय, चार-पाच वेळा. धुक्यात वरून पांढरा उजेड मारला की समोर पांढरी भिंत उभी राहते, तीच आपल्या डोळ्यात येते. उजेड खालून हवा, धुक्याच्या पदराखालून. तुमच्या व्हीडीआयच्या बंपरमध्ये फॉगलॅम्पची जागा आहे, तिथे मूळ पद्धतीचे फॉगलॅम्प रिलेसकट बसवा. पिवळे मिळाले तर उत्तम. बार एरवीही रस्त्यावर चालत नाही, केंद्रीय मोटार वाहन नियमांत १११ व्या नियमाने स्पॉटलाइटला मनाई आहे.

आणि हेडलाइटमध्ये एलईडी बल्ब घालू नका. हॅलोजनसाठी बनवलेल्या आरशात तो उजेड कसाही फेकतो. मला एका गॅरेजवाल्याने "एकदम दिवस होईल, ताई" म्हणत बसवून दिला होता. झाला दिवस, समोरच्यांचा. आठवड्यात काढून टाकला.

कोयनाकाठचा

बार आणि गार्ड दोन्ही कॅन्सल. @बूस्टभर, विचार केल्यावर आठवलं. दिवाळीनंतरपासून. घाटातच नाही, पाटणच्या सरळ रस्त्यावरही. आणि वेग घेताना बॉनेटखालून बारीक शिट्टीसारखा आवाज येतो. मला वाटलं टर्बोचा आवाज, जरा आवडतही होता. ॲव्हरेज २० वरून १७ वर आलंय.

बूस्टभर

आवडत होता! अहो भाऊ, हवा गळतेय.

इंटरकूलरकडे (टर्बोची गरम हवा थंड करणारा भाग) जाणारे रबरी होज बघा. टर्बो आणि इंटरकूलरच्या मधला, आणि तिथून इनटेककडे जाणारा. कुठे तेलकट ओल दिसली की बरोबर तिथे चीर असते, किंवा क्लिप सैल. गरम-थंड होऊन रबर फाटतं, १ लाखाच्या पुढे तर हमखास. स्कॅनर लावला तर पी-०२९९ कोड (टर्बोचा दाब कमी पडतोय) मिळू शकतो, पण बारीक गळतीला दिवा लागतोच असं नाही. एअर फिल्टर आणि ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) पण साफ करून घ्या. हे सगळं झाल्याशिवाय रिमॅपवाल्याच्या दारात पाऊल टाकू नका. तो नाही म्हणणार नाही, हीच अडचण आहे.

कोयनाकाठचा (नऊ दिवसांनी)

अपडेट. टर्बोकडून येणारा होज खालच्या बाजूने बोटभर फाटलेला निघाला. वरून बघितलं तर दिसत नव्हता, फिटरने गाडी उचलल्यावर दिसला. पूर्ण तेलकट. होज बदलला, ईजीआरमधून काजळी काढली तेव्हा फिटरचे हात बघण्यासारखे झाले होते. क्लच अजून धरतोय म्हणाला, पण रिमॅप केलास तर माझ्याकडे परत येशीलच.

काल घाट चढलो. १८०० ला गाडी उचलते. त्याखाली अजून थोडी झोपाळूच आहे, पण पोफळीच्या पुढे पहिल्यांदाच पहिला गिअर टाकावा लागला नाही. रिमॅप तूर्तास बाजूला.

आता २१५/६० आणि अलॉय. दुकानदार म्हणतो हे अलॉय "सगळ्या एसयूव्हीला बसतात". विश्वास ठेवू का?

घाटवाट

ठेवू नका. ब्रेझाचा पीसीडी (नटांची संख्या आणि त्यांच्या वर्तुळाचा व्यास) ५ x ११४.३ मिमी, आणि मधलं भोक ६०.१ मिमी. बाजारातल्या अलॉयचं भोक बऱ्याचदा मोठं असतं, कारण एकच चाक पाच गाड्यांना खपवायचं असतं. तसं असेल तर हब रिंग (भोकातली फट भरणारी कडी) मागा, नाहीतर चाक फक्त नटांवर तोललं जातं आणि ९० ला स्टिअरिंग थरथरतं. मग तुम्ही महिनाभर अलाइनमेंट करत बसाल. ऑफसेट (चाक किती आत-बाहेर बसतं ते) कंपनीच्या जवळपासचाच घ्या, चाक बाहेर आलेलं कितीही आवडलं तरी. नट अलॉयच्या बैठकीला जुळतात का तेही दुकानातच बघा, आणि १०० किमी चालवल्यावर पुन्हा आवळून घ्या.

स्टेपनी २०५ चीच राहणार असेल तर ती फक्त पंक्चरच्या दुकानापर्यंत जाण्यापुरती.

सैल_नट

माझं नाव घेतल्याशिवाय नट आवळा म्हणता येत नाही का?

कोयनाकाठचा

हब रिंग लिहून घेतली. दुकानदाराला विचारल्यावर तो आधी "काय?" म्हणाला, मग आतून पुडी घेऊन आला.

राहिलं छप्पर. काळ्याने मे महिन्यात आत भट्टी होते का हो? बाबा म्हणतात, चांगल्या गाडीला विटाळ कशाला. त्यांना व्हिडिओ दाखवलाय, अजून उत्तर आलेलं नाही.

माहेर_चिपळूण

तापतं थोडं, एसीला सुरुवातीची पाचेक मिनिटं जास्त लागतात. माझं काळंच आहे. रॅप पावसाळ्यात लावू नका, कडेला ओल राहिली की तिथून उचकटतो. आणि जेवण झाल्यावर विचारा बाबांना.