‘लायब्ररी’त प्रेत सापडलं, पण कुठल्या?

अनुवाद करणाऱ्या मैत्रिणीने परवा विचारलं, “लायब्ररीला वाचनालय म्हणू की ग्रंथालय?” ती सध्या पुस्तकांच्या जगात घडणाऱ्या रहस्यकथांवर लिहिते आहे. ग्रंथपाल, जुन्या पुस्तकांचे दुकानदार, संग्राहक आणि त्यांच्यामध्ये एक खून, अशा कथा. मी पटकन ‘ग्रंथालय’ म्हणून मोकळी झाले, आणि रात्री लक्षात आलं की चुकीचं उत्तर दिलं. म्हणून इथे सविस्तर लिहिते.

अगाथा ख्रिस्तीची १९४२ची ‘द बॉडी इन द लायब्ररी’ घ्या. सकाळी मोलकरीण मालकिणीला उठवून सांगते की लायब्ररीत प्रेत आहे. ही लायब्ररी म्हणजे कर्नल बँट्रींच्या घरातली एक खोली. ऐसपैस, पण जुनाट आणि पसाऱ्याची. बसून बसून खचलेल्या खुर्च्या, टेबलावर पाइप, पुस्तकं आणि जमीनजुमल्याचे कागद. तिथे शेकोटीपुढे एक तरुण मुलगी मरून पडलेली. घरातलं कुणीही तिला ओळखत नाही, मग ती रात्रीतून या घरात आली कशी, इथून कोडं सुरू होतं.

आता ‘वाचनालयातलं प्रेत’ असं म्हणून बघा. आपल्या डोळ्यांपुढे येतं ते देवघेवीचं काउंटर, तारखेचे शिक्के, आणि वर्तमानपत्रांच्या उतरत्या टेबलांशी उभे असलेले पेन्शनर. तिथे कुणीही येतं. अनोळखी माणूस आला तर त्यात नवल काय? एका शब्दाने संशय गावभर पसरतो आणि कोड्यातली हवाच निघून जाते. ‘ग्रंथालय’ने काही सुधारत नाही, फक्त इमारत थोडी मोठी होते.

या खोलीला मराठीत चपखल शब्द नाही, कारण आपल्या घरांत तशी खोलीच फारशी नव्हती. वाड्यात दिवाणखाना होता, माजघर होतं, देवघर होतं. पोथ्यांना फडताळ आणि पुस्तकांना कपाट मिळालं. ‘अभ्यासिका’ हा शब्द जवळ जातो आणि जुन्या अनुवादात तो शोभलाही असता. पण आज पुण्याच्या पेठांमधून चालताना ‘अभ्यासिका’ अशी पाटी दिसली, तर आत स्पर्धा परीक्षेची मुलं महिन्याचे पैसे भरून खुर्ची अडवून बसलेली असतात. तो अर्थ आता पुसता येणार नाही. माझं मत असं की पहिल्या उल्लेखाला ‘पुस्तकांची खोली’ म्हणावं आणि पुढे खुशाल ‘लायब्ररी’ लिहावं. लायब्ररी मराठीच आहे.

‘वाचनालय’ आणि ‘ग्रंथसंग्रहालय’ हे शब्द आपण जपून वापरायला हवेत, कारण त्यांच्यामागे सव्वाशे-पावणेदोनशे वर्षांची लोकवर्गणी आहे. नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४०चं, पुण्याचं नगर वाचन मंदिर १८४८चं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३चं, मुंबईचं १८९८चं. ‘सार्वजनिक’, ‘नगर’, ‘मराठी’: पुस्तकं कुणाची, ते नावातच सांगितलं आहे.

उलट टोकाला उम्बेर्तो एकोची १९८०ची ‘द नेम ऑफ द रोझ’. इटलीतला १३२७ सालचा मठ. खाली संन्यासी ग्रंथांच्या नकला उतरवत बसलेले, वर चक्रव्यूहासारखं ग्रंथांचं दालन, आणि तिथे पाऊल टाकण्याची मुभा फक्त ग्रंथपालाला. जिथे वाचायलाच मनाई, त्याला वाचनालय कसं म्हणावं? इथे मी ‘ग्रंथभांडार’ सुचवेन. जैनांची पोथ्या जपणारी ज्ञानभांडारं आपल्या कानावर असतात. जपलेलं, कुलपातलं, परवानगीशिवाय न मिळणारं असा सगळा भाव ‘भांडार’मध्ये आहे. ‘ग्रंथागार’ही चालेल, पण ‘आगार’ म्हटलं की एसटी उभी राहते.

अनुवाद इंग्रजीतून नसेल तर आणखी एक खड्डा. पणजीच्या मध्यवर्ती ग्रंथालयाची स्थापना १८३२ची, नाव ‘पब्लिका लिव्रारिया’. आजच्या पोर्तुगीजमध्ये लिव्रारिया म्हणजे पुस्तकाचं दुकान, ग्रंथालयाला बिब्लिओतेका. फ्रेंचमध्येही ‘लिब्रेरी’ दुकानच. ध्वनीवर विसंबलं, तर दुकानात झालेला खून थेट ग्रंथालयात जाऊन पडतो.

पुस्तकांच्या जगातल्या या कथाप्रकाराला एकांनी ‘ग्रंथरहस्य’ असं नाव सुचवलं आहे. इंग्रजीत ‘बिब्लिओमिस्टरी’ रुळला आहे, तेव्हा आपल्यालाही एक शब्द हवा हे मान्य. पण ‘ग्रंथरहस्य’ ऐकल्यावर मराठी माणूस टिळकांकडे जातो. १९१५च्या ‘गीतारहस्या’तलं रहस्य म्हणजे गूढार्थ, तत्त्वाचा गाभा. तिथे कुणी चोर पकडायचा नसतो. ‘पुस्तकी रहस्यकथा’ तर नकोच. पुस्तकी म्हणजे अनुभवाचा स्पर्श नसलेलं. (तसंच ‘पुस्तकी किडा’चं. इंग्रजीतला किडा लाडाचा आहे, आपला घोकंपट्टीचा. तिथे ‘पुस्तकवेडा’ लिहा.) मला ‘ग्रंथविश्वातली रहस्यकथा’ लांबट असूनही पटते, निदान वाचणाऱ्याला काय हाती येतंय ते कळतं.

मैत्रिणीचा दुसरा प्रश्न होता ‘फोर्जरी’चा. तिने ‘नक्कल’ लिहिलं होतं. मला वाटतं हा शब्द नीट लावला नाही तर या कथांचा अर्धा रस जातो, कारण खरे गुन्हे इथेच झाले आहेत. १९३४ साली जॉन कार्टर आणि ग्रॅहम पोलार्ड या दोन पुस्तकविक्रेत्यांनी काही दुर्मिळ मानल्या जाणाऱ्या पुस्तिकांचा तपास प्रसिद्ध केला. इंग्रज कवयित्री एलिझाबेथ ब्राउनिंगच्या सुनीतांच्या एका पुस्तिकेवर छापलं होतं ‘रेडिंग, १८४७’. म्हणजे १८५० साली ती सुनीतं सर्वांसमोर आली, त्याच्याही आधीची प्रत. संग्राहकांनी त्यासाठी भरपूर पैसे मोजले. या दोघांनी कागदाचा बारीकसा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली धरला. त्यात रासायनिक प्रक्रियेने केलेला लाकडाचा लगदा निघाला, आणि तसा कागद इंग्लंडमध्ये १८७४च्या आधी वापरात नव्हता. संशयाची सुई टॉमस वाइज या नावाजलेल्या संग्राहकाकडे वळली.

आता ही ‘नक्कल’ म्हणायची का? नक्कल व्हायला आधी अस्सल असावं लागतं. इथे १८४७ची आवृत्ती कधी निघालीच नव्हती. ‘चोरटी आवृत्ती’ही नाही; ती खऱ्या पुस्तकाची परवानगीवाचून काढतात. ‘तोतया’चा मोह मला झाला, पण तोतयालाही एक खराखुरा सदाशिवरावभाऊ लागतो. उरतो ‘बनावट’. त्यात ‘बनवणे’ आहे, शून्यातून उभं करणं आहे. बनावट आवृत्ती, हेच बरोबर.

‘क्लू’साठी सुगावा, धागादोरा, दुवा हे सगळे चालतात. पण पुस्तकांच्या कथांत मला ‘खूण’ जास्त भावते, कारण तिथे ती खरोखरच पानावर असते: दुमडलेला कोपरा, समासातली रेघ, वाचनखूण. आमच्या तालुक्याच्या वाचनालयातून लहानपणी बाबूराव अर्नाळकरांची एक रहस्यकथा घरी आणली होती. नवव्या पानावर एका पात्राच्या नावाखाली पेन्सिलीने रेघ आणि बाजूला ‘हाच’. मी खोडरबराने ती पुसली, तरी कागदावरचा खळगा बोटाला लागत राहिला. खून आणि खूण यांत फक्त न-णचा फरक. मुद्रितशोधन करणाऱ्यांनी या कथांमध्ये डोळ्यांत तेल घालून बसावं. ‘खुणेचा’ आणि ‘खुनाचा’ यांची अदलाबदल झाली तर वाचक भलत्याच मागावर जाईल.

शेवटचा शब्द अजून अडलेलाच आहे. कार्लोस रुइथ साफोनच्या २००१च्या ‘द शॅडो ऑफ द विंड’मध्ये, १९४५च्या बार्सेलोनात, दहा वर्षांच्या मुलाला त्याचे वडील एका लपलेल्या जागी नेतात. तिथे जगाने विसरलेली पुस्तकं जपून ठेवलेली आहेत. त्या जागेला स्पॅनिशमध्ये ‘सेमेंतेरियो’, म्हणजे मृतांना पुरण्याची जागा, म्हटलं आहे. मैत्रिणीने लिहिलं, ‘विसरलेल्या पुस्तकांचं स्मशान’. कानाला गोड आहे, पण स्मशानात आपण जाळतो. आणि याच कादंबरीत चेहरा जळालेला एक माणूस हुलियान काराक्स या लेखकाची पुस्तकं शोधून शोधून जाळत फिरतो. ज्या जागी त्याच्या हातून पुस्तकं बचावतात, तिलाच स्मशान म्हटलं तर कथा उलटी होते. ‘कबरस्तान’मध्ये धर्माची छटा येते. ‘दफनभूमी’ कोरडा आहे, सरकारी फलकावरचा आहे, तरी त्यात पुरणं आहे, जमिनीखाली का होईना शाबूत राहणं आहे. तूर्त मी ‘विसरलेल्या पुस्तकांची दफनभूमी’वर थांबले आहे. गोव्याकडच्या आणि वसईच्या ख्रिस्ती मंडळींच्या बोलण्यात याहून मऊ शब्द असेल तर तो मला हवा आहे.