पुण्याच्या प्रकाशकाचा करार : परदेशी हक्क द्यायचे की राखायचे?

धरमपेठ_लेखिका
कादंबरीच्या कराराचा मसुदा पुण्याहून आलाय. कलम ७ असं आहे : "लेखिका सदर साहित्यकृतीचे जगातील सर्व भाषांतील व सर्व माध्यमांतील हक्क प्रकाशकास कायमस्वरूपी देत आहे. दुय्यम हक्कांच्या निव्वळ उत्पन्नाच्या ५० टक्के रक्कम लेखिकेस मिळेल." (दुय्यम हक्क म्हणजे अनुवाद, ऑडिओ, चित्रपट वगैरे.) इंग्रजी अनुवाद जवळपास तयार आहे आणि अमेरिकेतल्या एका लहान प्रकाशनाने नमुन्याची प्रकरणं मागितली आहेत. कलमात नेमकं काय बदलून मागू? "सगळेच असं देतात" एवढंच उत्तर मिळतंय.

सीताबर्डी_करारनामा
काहून द्यायचे ताई सगळे हक्क? १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात अनुवादाचा हक्क वेगळा मोजलाय, तो मराठी छपाईला चिकटून जात नाही. उलट करार गप्प असला तर कायदा तुमच्या बाजूचा आहे. कलम १९ प्रमाणे मुदत लिहिली नसेल तर ५ वर्षं आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत धरतात. तुमच्या मसुद्यात 'जगातील' आणि 'कायमस्वरूपी' हे दोन शब्द घालून नेमकं तेच संरक्षण काढून टाकलंय.

कलम ७ च्या जागी हे पाठवा : "प्रकाशकास केवळ मराठी भाषेतील छापील व ई-बुक आवृत्तीचे अनन्य हक्क, मुदत ७ वर्षे. अनुवाद, ऑडिओ, नाट्य व चित्रपट रूपांतराचे सर्व हक्क लेखिकेकडे राखीव." मराठी आवृत्तीला प्रदेश जगभर असू द्या, त्यात तुमचं काही जात नाही.

शेवटची पानंही वाचा. मिळालेला हक्क वर्षभरात वापरला नाही तर तो परत येतो, अशी १९(४) मध्ये सोय आहे. पण करारात वेगळं लिहिलं की ती उडते, आणि ते वाक्य बहुधा 'संकीर्ण'मध्ये दडलेलं असतं.

दुय्यम_हक्क
प्रकाशक खरोखर हक्क विकत असेल तर द्यायलाही हरकत नाही. विचारा : गेल्या ३ वर्षांत कोणत्या पुस्तकांचे हक्क कोणत्या भाषेत विकले? ऑक्टोबरात फ्रँकफर्टच्या पुस्तकमेळ्याला यादी घेऊन कोण जातं? उत्तर गोलमोल आलं तर ५० टक्के कशाचे?

खरी मेख 'निव्वळ'मध्ये आहे. १००० डॉलर आले, मधल्या एजंटाचे २० टक्के गेले, उरले ८००, तुमचे ४००. वर प्रवास आणि टपाल वजा करू लागले तर ३०० वर यायला वेळ लागत नाही. म्हणून 'निव्वळ म्हणजे एजंटाचं कमिशन व परदेशात कापलेला कर वजा जाता' एवढंच लिहून घ्या. वाटा ७५-२५ मागा, ७५ तुमचे. रक्कम जमा झाल्यापासून ३० दिवसांत तुमच्याकडे यावी. वार्षिक हिशेबाची वाट नको, मराठी आवृत्तीच्या आगाऊ रकमेत वळतीही नको. आणि ज्या भाषेचा करार १८ महिन्यांत होणार नाही, त्या भाषेचा हक्क आपोआप परत.

सीताबर्डी_करारनामा
हे मान्य. 'आपोआप' शब्द सोडू नका, नाहीतर नोटीस पाठवत बसावं लागतं.

अनुवाद_व्यवहार
अमेरिकेच्या कागदात 'जागतिक इंग्रजी' दिसलं तर थांबा. त्यांना 'उत्तर अमेरिका, इंग्रजी' द्या. नाहीतर दिल्लीचा इंग्रजी प्रकाशक भारतीय उपखंडाची आवृत्ती मागेल तेव्हा द्यायला हक्कच उरणार नाहीत.

अनुवादकाशी आज काही लेखी आहे का? इंग्रजी मजकुरावर कॉपीराइट त्याचा असतो. उद्या फ्रेंच आवृत्ती इंग्रजीवरून झाली तर त्याची परवानगी लागेल आणि तो वाटा मागेल. टक्केवारी आत्ताच ठरवा. ऑफर आल्यावर बोलणी अवघड जातात.

कराचं : पैसे येण्याआधी डब्ल्यू-८बीईएन (परदेशी व्यक्तींसाठीचा अमेरिकेचा कर-फॉर्म) भरून द्या, त्यात पॅन टाका. फॉर्म नसेल तर तिकडे ३० टक्के कापतात. फॉर्म असेल तर भारत-अमेरिका कर-करारानुसार रॉयल्टीवर १५ टक्के. कापलेल्या कराची पावती जपा, इथे विवरणपत्रात वजावट मागायला लागते.

धरमपेठ_लेखिका
इंग्रजी सोडायला ते तयार दिसतात, पण हिंदीवर अडलेत.

दुय्यम_हक्क
हिंदी द्या, २ वर्षांच्या मुदतीने आणि वाटा ६०-४० करून. बदल्यात वादाचं न्यायक्षेत्र 'पुणे'ऐवजी 'नागपूर' करून घ्या.