बॅशमधून पायथॉन की पायथॉनमधून बॅश? सल्ला पाहिजे (बजेट शून्य)

चादर_आणि_कोड: नमस्कार मंडळी. सोलापूरला अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल-चादरीच्या युनिटमध्ये आहे, नावाला अकाउंट्स पण कंप्यूटरचं सगळं माझ्याच गळ्यात. डिझाइनवाला मोबाईलवरून फोटो टाकतो ते लहान करायचे, ऑर्डरच्या सीएसव्हीशी (स्वल्पविरामाने रकाने पाडलेली फाइल) जुळवायचे, रात्री दुसऱ्या डिस्कवर आरसिंक (बदललेलं तेवढं कॉपी करणारी कमांड). आधीच्या पोराने बॅश स्क्रिप्ट (बॅश म्हणजे लिनक्सचा शेल, टाइप केलेल्या कमांडी चालवणारा) लिहून ठेवलीय, ती वाढत वाढत आता वाचवत नाही. फाइलचं नाव "मोर नक्षी 60 बाय 90" असलं की लूप त्याचे पाच तुकडे करतो आणि "मोर" सापडत नाही म्हणून बोंबलतो. पायथॉन बऱ्यापैकी येतं. काय करू? मशीन 4 जीबी रॅमचं, उबुंटू लिनक्स. मालक एक रुपया देणार नाहीत. शनिवारच्या आत पाहिजे.

नवीपेठ_राजा: आधी ते मशीन बदल बे. मी 16 जीबीवाला सेकंडहँड घेतला, मे महिन्यात पण गार चालतो.

चादर_आणि_कोड: राजाभाऊ, शून्य लिहिलंय की वर.

राखाडी_टर्मिनल: पर्ल भाषा शिका. 1987 साली लॅरी वॉलने काढलं ते असल्याच कामासाठी. बॅकटिकमध्ये (उलट्या अवतरणात) कमांड टाकायची, आउटपुट व्हेरिएबलमध्ये, लगेच रेगेक्स (मजकुरात नमुना शोधायचं सूत्र) मारायचा. आजकालच्या पोरांना एवढ्याला पण लायब्ररी लागते. माझी एक स्क्रिप्ट लावल्यापासून कुणी हात लावलेला नाही.

पूर्वभागवाली: हात लावला नाही कारण कुणाला वाचता येत नाही काका 😄

दादा, सरळ पायथॉनचं सबप्रोसेस (बाहेरच्या कमांडी चालवणारं मॉड्यूल) वापरा, 2.4 पासून सोबतच येतं, खर्च नाही. सबप्रोसेस.रनला कमांड लिस्ट म्हणून द्या, प्रत्येक शब्द वेगळा, म्हणजे मधे शेल येतच नाही आणि "मोर नक्षी" अख्खंच्या अख्खं जातं. फक्त स्टार डॉट जेपीजी (म्हणजे सगळे जेपीजी फोटो) आपोआप उलगडत नाही, ते पायथॉनच्याच पाथलिबच्या ग्लॉब फंक्शनने करा. आणि चेक=ट्रू विसरू नका, नाहीतर आरसिंक फसला तरी स्क्रिप्ट खुशाल पुढं जाते.

हुतात्मा_पासवाला: लिस्टच द्या हो. आमच्या पुण्याच्या ऑफिसात एकाने शेल=ट्रू (म्हणजे कमांड शेलमधूनच चालव) लावून स्ट्रिंगमध्ये फोल्डरचं नाव चिकटवलं, आरएम ची म्हणजे पुसायची कमांड. फोल्डर होतं "जुने फोटो". शेलने दोन नावं वाचली, "जुने" आणि "फोटो". "जुने" नव्हतंच. "फोटो" चालू कामाचं होतं. पूर्ण रविवार गेला आमचा, आणि तो पोरगा सुट्टीवर.

राखाडी_टर्मिनल: यात शेलची काय चूक? कोट द्यायचे होते.

हुतात्मा_पासवाला: कोट कोण आठवणीने देतं काका रात्री अकराला.

पूर्वभागवाली: स्ट्रिंगच लागली तर पायथॉनच्या शेलेक्सचं कोट फंक्शन आहे, ते कोट घालून देतं. आणि शेल=ट्रू लावलं तर उबुंटूवर बॅश नाही, डॅश नावाचा दुसरा शेल चालतो. टर्मिनलमध्ये चाललेली ओळ तिथं अडते ती त्यामुळं.

विंडोजच_बरं: मायक्रोसॉफ्टचं पॉवरशेल बघा. 2016 पासून लिनक्सवर पण चालतं, एका कमांडीकडून दुसरीकडं पाइपमधून नुसता मजकूर नाही, ऑब्जेक्ट जातो. आमच्याकडं सगळं त्याच्यावरच आहे.

नवीपेठ_राजा: त्याला 16 जीबी लागेल.

विंडोजच_बरं: कुणी सांगितलं?

शेंगाचटणी: विषय सोडून विचारतो, तुमच्या युनिटात किरकोळ चादर मिळते का? जीआय टॅग (ठरावीक ठिकाणच्याच मालाला मिळणारी नोंद) आहे म्हणून बाहेर काहीही खपवतात सोलापुरी म्हणून. मागच्या गड्ड्याच्या जत्रेत घेतलेली पहिल्या धुण्यात गुलाबी झाली.

चादर_आणि_कोड: मालकांना विचारून सांगतो. मंडळी, सीएसव्हीचं पण एक आहे. वर्णनात "लाल, हिरवी बॉर्डर" असं असतं, कट कमांड स्वल्पविरामावर तोडते आणि हिरवी बॉर्डर भावाच्या कॉलममध्ये जाऊन बसते.

पूर्वभागवाली: तिथं पायथॉनचं सीएसव्ही मॉड्यूलच, त्याला अवतरणातला स्वल्पविराम कळतो.

रात्रपाळी: कॉन्श कुणी कसं सांगितलं नाही? पायथॉनचाच शेल आहे. एका ओळीत फॉर लूप पायथॉनचा, खालच्या ओळीत सरळ मोग्रिफाय (फोटो लहान करायची कमांड), ॲट चिन्हाच्या कंसात व्हेरिएबल, जागा असलेल्या नावाचे तुकडे होत नाहीत. मी मजेसाठी वापरतो. रोजच्या कामाला लावू नको मात्र, उघडायला बॅशपेक्षा हळू आहे आणि जुनी बॅश स्क्रिप्ट त्यात जशीच्या तशी चालत नाही.

राखाडी_टर्मिनल: म्हणजे ना धड हे ना धड ते. पर्ल.

हुतात्मा_पासवाला: मी पण ताईंचंच म्हणतो, सबप्रोसेस आणि लिस्ट.

चादर_आणि_कोड: सगळ्यांचे आभार. कॉन्शच टाकलं काल रात्री 🙏 सबप्रोसेस बरोबर आहे ताई, पण एका आरसिंकला एवढे कंस आणि अवतरणं टायपायचा कंटाळा येतो, आणि इथं कमांड कमांडसारखी दिसते म्हणून उद्या दुसरा कुणी बसला तरी त्याला कळेल. सीएसव्ही मॉड्यूल त्यातच चालतं. हळू असेना, रात्री कुणाला घाई आहे.

पूर्वभागवाली: बरं. पण पिपने (पायथॉनचे प्रोग्रॅम उतरवणारं) टाकलं असेल तर ते होम फोल्डरच्या आत बसतं, क्रॉनला (ठरल्या वेळी कामं चालवणारा) तिथला रस्ता माहीत नसतो. क्रॉनटॅबमध्ये पूर्ण पाथ द्या. आणि कमांड फसली की थांबायचं सेटिंग चालू आहे का तेही बघा.

चादर_आणि_कोड: म्हणून काल काहीच चाललं नाही होय. करतो.

शेंगाचटणी: चादरीचं विचारलं का मालकांना?