गल्लीतली झाडं: कुणी लावली, कुणी जगवली?

मिरग निघाला की कोल्हापुरात जिकडंतिकडं रोपं लावली जातात. पुढच्या मे महिन्यात त्यातली किती हिरवी असतात? तुमच्या पेठेत, कॉलनीत जे जगलं आणि जे मेलं, दोन्ही लिहा. सुरुवात मी करतो.

आमच्या संभाजीनगरच्या मोकळ्या जागेत पहिल्या वर्षी आम्ही वीतभर उंचीची वीस रोपं लावली. निम्मी शेळ्यांनी खाल्ली, उरलेली एप्रिलच्या उन्हात वाळली. फार वाईट वाटलं. दुसऱ्या वर्षी सहाच लावली, पण माणसाच्या उंचीची: करंज, बहावा, ताम्हण. प्रत्येकाला बांबूचं कुंपण केलं. कुंभाराकडून बिनरंगाची मडकी आणली आणि बुंध्यापासून हातभर अंतरावर गळ्यापर्यंत पुरली. मडकं भरून झाकण ठेवलं की पाणी झिरपत मुळाशी जातं, वर उडून जात नाही. आळ्यात उसाचं पाचट पसरलं. चार दिवसांतून एकदा भरलं तरी पुरायचं. कोणतं मडकं कुणाच्या घराचं, ते ठरवून दिलं होतं. सहातली पाच झाडं आहेत.

शिवाजी पेठेतून
आमच्या दारातल्या जुन्या कडुलिंबाला पेव्हिंग ब्लॉक अगदी बुंध्याला भिडवून बसवले होते. दिल्लीतल्या झाडांसाठी हरित लवादानं 2013 साली भोवती एक मीटर जागा मोकळी ठेवायला सांगितलेलं वाचलं आणि तेवढंच मागणारा अर्ज दिला. तीन हेलपाटे झाले. परवानगी आल्यावर तालमीतल्या पोरांनी ब्लॉक उचलले. खालची माती विटेसारखी घट्ट झाली होती. बुंध्यातले खिळेही काढले, फलकांचे. एकेचाळीस निघाले. मी ते डब्यात ठेवलेत.

शुक्रवार पेठेतून
पुराच्या पट्ट्यात राहणाऱ्यांसाठी लिहितोय. 2019 चा पूर ओसरल्यावर आम्ही कडुलिंब, शेवगा, करंज, अर्जुन अशी मिश्र लागवड केली. 2021 ला पंचगंगा पुन्हा दारात. पाणी उतरल्यावर शेवगा कुजला होता, कडुलिंबही गेले. करंज आणि अर्जुन चिखलानं माखलेले, पण पंधरा दिवसांत पालवी फुटली. अर्जुन मुळात नदीकाठचंच झाड. आता जागा बघूनच लावतो.

राजारामपुरीतून
विजेच्या तारांखाली मोठं होणारं झाड लावू नका, हात जोडून सांगते. आमच्या शिरीषाच्या फांद्या दरवर्षी एकाच बाजूनं तोडल्या जायच्या. तोल गेला आणि वळवाच्या पावसात ते मुळासकट आडवं झालं. त्याखाली भाजीवाल्या मावशी बसायच्या, नशिबानं त्या दिवशी आल्या नव्हत्या. तिथं आता कांचन आणि तगर लावलेत.

मंगळवार पेठेतून
आमचा बोळ चार हातांचा, झाडाला जागा कुठली? आम्ही बायकांनी रंगाचे रिकामे डबे भोकं पाडून भिंतीकडेला मांडले. गोठ्यातलं जुनं शेण, पालापाचोळा नि माती. मोगरा, जास्वंद, गवती चहा. पहिल्या महिन्यात दोन डबे चोरीला गेले. मग प्रत्येक डब्यावर घराचं नाव रंगवलं, तेव्हापास्नं एकही हलला नाही. गवती चहाची पात मात्र कुणीही न्यावी, असं ठरलंय. सुट्टीत मी लेकीकडं गेलो की समोरच्या पिठाच्या गिरणीतले काका माझ्या डब्यांना पाणी घालतात.