आत्याची कॅल्गरीवारी (फॅमिली ग्रुप)

मंगलआत्या: कॅनडातल्या कॅल्गरीचं तिकीट काढलं गं बायांनो, जानेवारीचं! प्रियाचे दिवस फेब्रुवारीत भरतायत, त्यामुळे थंडी काही चुकत नाही. नीलेश, खरं सांग, निभेल ना माझं?

नीलेश: अगं आत्या, घरात हीटिंग असतं, साध्या गाउनवर वावरशील. बाहेर उणे २५ झालं तरी हवा कोरडी, त्यामुळे थंडी अंगात मुरत नाही. त्रास होतो तो कोरडेपणाचा. ओठ फुटतात, नाकातून कधी रक्तही येतं. रात्री नाकाला तुपाचं बोट लाव.

राजूकाका: उणे २५ मध्ये कोरडी काय नि ओली काय! ताई, महाबळेश्वरला दोन शाली घेऊन बसली होतीस, विसरलीस?

नीलेश: काका, महाबळेश्वरच्या खोलीत हीटिंग होतं का? आणि इथे मधूनच चिनूक येतो, म्हणजे गरम वारा. रॉकीजचे डोंगर उतरताना तो तापतो. सकाळी उणे १५ असलं तरी संध्याकाळी शून्याच्या वर. पश्चिमेला ढगांची कमान दिसली की समजायचं. अर्धशिशीवाल्यांचं डोकं मात्र नेमकं तेव्हाच उठतं.

मंगलआत्या: म्हणजे माझं! गोळ्या चिठ्ठीसकट आणते.

सायली: आत्या, चिनूकपेक्षा दुसऱ्या दिवसाला जपा. वितळलेलं पाणी रात्री परत गोठतं आणि फूटपाथवर दिसतही नाही. पुण्याहून ‘स्नो शूज’ अजिबात आणू नका, त्यांचे तळवे घसरतात. इथेच घेऊ. बर्फ थांबल्यापासून २४ तासांत ज्याने त्याने आपल्या घरासमोरचा फूटपाथ साफ करायचा, असा नियम आहे. पाळतात बरेच, सगळे नाही.

मंगलआत्या: मग मी चालू कुठे? बसून राहिले तर गुडघे धरतील.

नीलेश: डाउनटाउनला प्लस फिफ्टीन. रस्त्याच्या १५ फूट वरून इमारती जोडणारे बंद पूल. १९७० पासून वाढत वाढत आता १६ किलोमीटरच्या आसपास झालेत. कोट काखेत मारून चाल. मध्ये डेव्होनियन गार्डन्स लागतं, मॉलच्या चौथ्या मजल्यावर चक्क बाग. वीकेंडला मात्र शुकशुकाट.

राजूकाका: बॅन्फ दाखवा तिला, ते डोंगरातलं नॅशनल पार्क. ते निळंशार तळं.

नीलेश: १३० किलोमीटर आहे, नेऊ. पण मोरेन लेकचा रस्ता हिवाळ्यात बंद असतो, आणि लेक लुईज गोठलेलं. निळं काही दिसायचं नाही काका, त्यावर लोक स्केटिंग करतात.

सायली: आत्या, इन्शुरन्स काढलात का? व्हिजिटरला इथलं सरकारी हेल्थ कार्ड मिळत नाही. बीपीची गोळी हल्लीच बदलली असेल तर पॉलिसीतल्या अटी नीट वाचा.

मंगलआत्या: बदललीय गं गेल्या महिन्यात. उद्याच एजंटला फोन करते. आणि डिंकाचे लाडू आणू का?

सायली: इथेच वळू. कॅल्गरीच्या नॉर्थईस्ट भागात देशी दुकानं खंडीभर आहेत, डिंक, तूप, खारीक सगळं मिळतं. खाण्याचं जे काही आणाल ते डिक्लेअर मात्र करा.

राजूकाका: आणि फोन कधी करायचा तुला?

नीलेश: हिवाळ्यात साडेबारा तासांचा फरक. तुमचे सकाळचे ९ म्हणजे आमचे आदल्या रात्रीचे साडेआठ. काका, दुपारी जेवून उठल्यावर करू नका प्लीज.